दोन्ही डोळे उघडे

४ मार्च

प्रति,
माननीय ताई,
सेवानिवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, सध्या आजी.

विषय: कॅमेऱ्याच्या टोपीच्या गैरवर्तनाबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपण पाठवलेला कॅमेरा सुस्थितीत पोचला. परंतु त्याच्या लेन्सवरची काळी टोपी पहिल्या दिवसापासून प्रस्तुत अर्जदाराशी वैर धरून होती. नको तेव्हा गळून पडायची, हवी तेव्हा निघायची नाही. पहिल्या सकाळी मी कॅमेऱ्याला डोळा लावला तर आत मिट्ट काळोख. मी ओरडलो, "लाईट गेली!" बायको म्हणाली, "सूर्याची?"

परवा या टोपीने ऑफिसच्या दारात माझ्या डोळ्यांदेखत गटाराच्या जाळीतून आत उडी घेतली. आता तुला माहीतच आहे की मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर बसतो. लोकांनी तक्रार करायची आणि मी "आपली तक्रार योग्य त्या कार्यवाहीसाठी नोंदवण्यात आली आहे" म्हणायचं, एवढ्यावर माझा संसार चाललाय. पण गटारं शेजारच्या खिडकीकडे येतात. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी काचेच्या पलीकडे उभा राहिलो. शेजारच्या खिडकीतला गृहस्थ रोज माझ्या डब्यातली भाजी खातो. त्याने मला जन्मात न पाहिल्यासारखं पाहिलं, अर्ज घेतला आणि माझंच वाक्य मला ऐकवलं. ताई, फार वाईट वाक्य आहे ग ते! मी इतकी वर्षं लोकांना हे ऐकवतोय आणि अजून कोणी काच फोडलेली नाही, ही जनतेची थोरवी.

दुसरी तक्रार तुझ्याबद्दल. फोन का उचलत नाहीस? "पत्र लिही" एवढाच निरोप उलट येतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पोस्टात जाऊन डिंकाच्या बाटलीत बोटं घालायला लावणं ही सख्ख्या मामाच्या मुलीला शोभणारी गोष्ट नाही.

बाकी कॅमेरा झकास आहे. कसा वापरायचा ते काहीच कळत नाही. कॅमेऱ्याबद्दल मनापासून आभार.

तुझा,
कुरकुऱ्या

१२ मार्च

चि. कुरकुऱ्या,

अर्ज मिळाला. योग्य त्या कार्यवाहीसाठी नोंदवलाय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कॅमेरा दिलेला नाही, उसना दिलाय. हल्ली तो माझ्या मानेला जड होतो, म्हणून. मी सध्या मागच्या पडद्यावर बघून काढायचा चिमुकला कॅमेरा वापरते. आणि टोपी तुझ्याकडे माझी उधार राहिली, हे लक्षात असू दे. त्या मापाची टोपी मिळायला मी दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं.

फोनचं म्हणशील तर फोनवर तू फक्त बोलतोस. पत्रात नाइलाजाने विचार करतोस. शिवाय स्क्रीनवर सगळेच फोटो बरे दिसतात, लग्नात प्रत्येक नवरीमुलगी गोरी दिसते तसे. कागदावर काढून आणले की खरं काय ते कळतं. तेव्हा प्रिंट काढून पोस्टाने पाठवायचे. मी पाठीमागे पेन्सिलीने शेरा लिहून परत पाठवीन.

आता नियम. महिनाभर फुलं, सूर्यास्त, मांजर आणि बायको यांचे फोटो काढायचे नाहीत. खिडकीजवळ एक साधी खुर्ची ठेव. रोज तिचाच फोटो काढ. सकाळी, दुपारी, ढग आल्यावर, पडदा ओढून. खुर्ची हलत नाही, लाजत नाही आणि "माझा चेहरा जाड आलाय" म्हणत नाही. शिकायला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही.

डायल ऑटोवरून काढ. कॅमेऱ्याला अक्कल वापरू दिली की आपली गंजते.

प्रिंट हातात आला की आधी चारही कडा बघायच्या, मधलं नंतर. मधे काय आहे ते आपल्याला माहीत असतंच. चोर कडेला असतो.

आणि फोटो काढताना एक डोळा मिटायची सवय लावून घेऊ नकोस. उजवा कॅमेऱ्याच्या खिडकीला लाव, डावा उघडा ठेव. दोन्ही डोळे उघडे.

नात छान आहे. सगळे तिला ढब्बू म्हणतात. तिचे फोटो सोबत.

ताई

२ एप्रिल

ताई,

खुर्चीने मला जेरीस आणलंय. पहिले आठ-दहा दिवस एकच फोटो मी पुन्हा पुन्हा काढत होतो. बायको येता-जाता विचारायची, "हसली का?" एकदा ती त्या खुर्चीत बसून भाजी निवडायला लागली आणि मी तिला उठवलं, तेव्हापासून घरात माझ्याशी फक्त कामापुरतं बोललं जातं.

पण मग एक दिवस दुपारी ढग आले, आणि खुर्चीची पाठ, जी इतके दिवस मला नुसती लाकडी वाटत होती, तिच्यावरचा एकेक ओरखडा वर आला. मुलगा लहान असताना त्याने चमच्याने ठोकलेल्या खुणासुद्धा. म्हणजे प्रकाश कमी झाला की जास्त दिसतं? मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही खुर्ची पॉलिश करायला झाली." कलेला आमच्या घरी असा राजाश्रय आहे.

दोन्ही डोळे उघडे ठेवून मला दोन खुर्च्या दिसतात. एक कॅमेऱ्याच्या खिडकीतली, एक खरी. ही मोठ्या फोटोग्राफरांची खुबी असणार, म्हणून मी सोडलेली नाही. ऑफिसातल्या लोकांना मी सांगतो की आमच्या ताईची ही खास पद्धत आहे.

ढब्बूचे फोटो बघून बायकोने बोलण्यावरची बंदी उठवली. तिचा प्रश्न असा की यात आजी कुठे आहे? आई आहे, बाबा आहे, शेजारीण आहे, शेजारणीचा कुत्रासुद्धा आहे.

प्रिंट सोबत. शेरा लिहिताना माझं वय लक्षात ठेव.

कुरकुऱ्या

११ एप्रिल

चि. कुरकुऱ्या,

शेरे पाठीमागे आहेत. रडू नकोस. ढगातला फोटो चांगला आहे. चांगला म्हणजे खरंच चांगला. तो मी ठेवून घेतलाय, परत मिळणार नाही. चमच्याच्या खुणांवर बोट फिरवून बघावंसं वाटलं.

मी आयुष्यभर काळोख्या खोलीत लोकांना "श्वास रोखा, हलू नका" म्हणत आले. लोक पण इतके घाबरायचे की "सोडा" म्हणेपर्यंत खरंच सोडायचे नाहीत. त्यांच्या आतलं सगळं मी पाहिलं आणि तोंड मात्र एकाचंही आठवत नाही. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता बाहेरून बघू. बाहेरचं जास्त अवघड आहे रे. हाडं खोटं बोलत नाहीत.

तुझ्या बायकोला सांग, फोटो काढणारा फोटोत नसतो. एवढं साधं आहे.

पुढचा धडा: किटली. स्टीलची, चकचकीत घासलेली. तिचा फोटो काढायचा, पण तिच्यात तू दिसता कामा नयेस. कोन शोध. महिनाभर वेळ आहे.

ताई

६ मे

ताई,

किटली घासली मी. फोटो काढला मी. आणि प्रत्येक फोटोत किटलीच्या पोटावर माझंच पोट. डावीकडून काढला तर पोट डावीकडे, खाली बसलो तर पोट आणि गुडघे. एका फोटोत मी नाही, पण मागे कमरेवर हात ठेवून बायको उभी आहे आणि तिचा चेहरा किटलीत वाकडा होऊनसुद्धा तिला काय म्हणायचंय ते स्पष्ट वाचता येतं.

शेवटी मी टेबलावर चादर धरून तिच्या भोकातून लेन्स बाहेर काढली. (भोक होतं. मी पाडलेलं नाही. घरात हा मुद्दा अजून वादात आहे.)

पण तुझे आभार मानायचे राहून जातात, म्हणून आज मानतो. खिडकीवर काल एक म्हातारे गृहस्थ आले होते, त्यांच्या नळाला महिनाभर पाणी नाही. मी नेहमीचं वाक्य तोंडात घेतलं, आणि मधेच त्यांच्या कपाळावर वरच्या ट्यूबचा प्रकाश कसा पडलाय ते बघत राहिलो. मग त्यांचे डोळे. मग ते काय सांगत होते ते. वाक्य तसंच राहिलं. मी उठून आत गेलो आणि माणूस पाठवायला लावला. शेजारच्या खिडकीतल्याने विचारलं, "नातेवाईक का?" सांगायचा मुद्दा, हा कॅमेरा गळ्यात नसतानाही चालूच राहतो. याची पूर्वसूचना द्यायला हवी होतीस.

तुझा स्वतःचा एक नमुना पाठव. किटली, आणि किटलीत कोणी नाही. असा फोटो निघतो यावर माझा विश्वास नाही.

कुरकुऱ्या

१५ मे

चि. कुरकुऱ्या,

हा घे नमुना. किटली माझी, खिडकी माझी, आणि मी कुठेही नाही. नीट बघ आणि जळ.

म्हाताऱ्या गृहस्थांचं वाचून बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

ताई

२१ मे

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. आधी कडा बघितल्या.

किटलीच्या पोटात खरंच कोणी नाही. पण झाकणाच्या मुठीवर, अगदी डाव्या टोकाला, मुगाएवढी एक बाई आहे. तिने छोटा कॅमेरा छातीशी धरलाय. मी ऑफिसातून भिंग आणलं. तिच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी आहे. आणि तिचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतंय. मूठ गोल असते, त्यात सगळंच वाकडं दिसतं, हे मला आता कळतं. म्हणून मी मुठीच्या त्याच टोकावरून माझा फोटो काढून पाहिला. माझं तोंड सरळ आलं.

तू इतकी कडक मास्तरीण, तुझ्याकडून डावी कड सुटली कशी, हेच मला आधी कळेना. मग कळलं. त्या बाजूने तुला दिसतच नव्हतं.

ताई, काय झालंय?

१२ जून

ताई,

उत्तर नाही. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या लेकीला केला तर ती "मामा, आई बरी आहे" म्हणाली आणि पुढे काही बोलेना. ही पोरगी लहानपणी शेजाऱ्यांच्या घरची बातमीसुद्धा पोटात ठेवू शकायची नाही.

मी तक्रार करत नाहीये. खुर्चीचे फोटो काढतोय अजून.

१९ जून

कुरकुऱ्या,

लेकीला मीच शपथ घातली होती. तिला रागावू नकोस.

ढब्बू जन्मली त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी चूळ भरायला गेले, तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. मला वाटलं बेसिनचा नळ गळतोय. तुझ्या खात्याकडे तक्रार करणार होते. मग आरशात बघितलं.

चेहऱ्याची नस सुजते म्हणे. अर्धा चेहरा ऐकेनासा होतो. बहुतेकांचा पूर्ववत होतो, काहींचा थोडा राहून जातो. मी म्हटलं, झालं की सांगू. आधी कशाला सगळ्यांना बघायला बोलवा? महिना गेला, दोन गेले. डावा डोळा मिटत नाही, म्हणून पट्टी लावायची. प, ब, म म्हणताना हवा निसटते, म्हणून फोन नको. "बाळ" म्हणायला गेले की फुग्यातली हवा सोडल्यासारखा आवाज.

मोठा कॅमेरा मानेला जड झाला नव्हता. त्याच्या खिडकीतून बघायचं तर दुसरा डोळा मिटावा लागतो, निदान मला सवय तशी. पट्टी तेव्हा लागली नव्हती आणि तो मिटेना. डोळ्यात पाणी, फोटो हललेला. रागाने तुला पाठवून दिला. "दोन्ही डोळे उघडे" ही मोठ्या फोटोग्राफरांची खुबी वगैरे काही नाही. मला जमत नव्हतं ते तुला जमावं, एवढंच डोक्यात होतं.

तुझी पत्रं आली की आधी लेक मोठ्याने वाचायची. चादरीच्या भोकाचं वाचताना मी हसले. अर्धीच हसले, पण कितीतरी महिन्यांनी हसले. तू ऑफिसात "ताईची खास पद्धत" सांगत फिरतोस हे वाचून खरं सांगायचं जिवावर आलं.

आता बरीच सुधारणा आहे. डॉक्टर म्हणतात, एवढं झालं, पुढचं हळूहळू, किंवा नाहीही.

लेक रोज म्हणते, "आई, ढब्बूबरोबर एक तरी फोटो." ढब्बूचे शेकडो फोटो मी काढलेत आणि एकातही मी नाही. मला भीती वाटते रे. मोठी होऊन ती तो फोटो बघेल आणि विचारेल, आजी अशी का? पण फोटोच नसेल तर विचारेल, आजी कुठे होती? यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

भिंग घेऊन बसलास. तुला मीच शिकवलं.

ताई

२५ जून

ताई,

पत्र बायकोने आणि मी दोघांनी वाचलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं, पुन्हा वाचलं, आणि मग मला म्हणाली, "रजा टाक."

मी येतो. फोटो मी काढीन.

एवढी वर्षं तू दुसऱ्यांना श्वास रोखायला लावलास. आता तू श्वास रोख, हलू नकोस. सोडायला मी सांगीन.

कुरकुऱ्या

३ जुलै

चि. कुरकुऱ्या,

एकदम हात-पाय पसरू नकोस. खुर्ची आणि किटली एवढ्या शिदोरीवर माणसाचा फोटो? नापास विद्यार्थ्याकडून ऑपरेशन करून घेण्यासारखं आहे ते.

अट ऐक. आधी तुझ्या बायकोचा फोटो काढ. तिला स्वतःला आवडलेला. तुला आवडलेला चालणार नाही, मला आवडलेला चालणार नाही. तिला आवडला पाहिजे, आणि तिने तसं लिहून दिलं पाहिजे. ते जमलं तर ये.

जमणार नाही याची मला खात्री आहे, म्हणून निर्धास्त आहे.

ताई

१० ऑगस्ट

ताई,

अट अमानुष होती.

पहिला प्रयत्न: मी म्हटलं, "हस." ती हसली. आमच्या लग्नातल्या अल्बममधलं हसू, जे ती फक्त फोटोवाल्यांना आणि माझ्या आत्याला दाखवते. दुसरा: "हसू नकोस, सहज बस." मग ती सहज बसली, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशी. तिसऱ्यात उजेड छान होता आणि तिने डोळे मिटले. चौथ्यात तिने सांगितलं, "तो कॅमेरा खाली ठेव नाहीतर मी माहेरी जाते." मी म्हटलं, जाताना दारात जरा थांब, उजेड चांगला आहे. हे चुकलं.

मग मी काढायचं सोडलं. कॅमेरा गळ्यात ठेवून नुसता घरात वावरायला लागलो. बघत. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला काही शोधताना ओठ असे आत ओढायची सवय आहे हे मला माहीत नव्हतं. मागच्या रविवारी सकाळी ती चष्मा शोधत होती. कपाटात, उशीखाली, फ्रिजमध्ये. चष्मा डोक्यावर. मी काही बोललो नाही. खुर्चीजवळ आली, खिडकीतून ढगाळ उजेड, हात आपोआप डोक्याकडे गेला, चष्मा हाताला लागला, आणि तिने माझ्याकडे बघितलं. तुला काय सांगू ताई. त्या बघण्यात मला बावीस शिव्या होत्या आणि शिवाय हसू. तेवढ्यात दाबलं.

प्रिंट मला दिसायच्या आत तिने घेतला. खिडकीशी नेऊन बघितला. मग म्हणाली, "मी अशी दिसते?" मी घाबरत म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बरी दिसते की."

फोटो तुला पाठवता येत नाही, कारण तो तिने स्वतःच्या कपाटात दाराच्या आतल्या बाजूला लावलाय आणि किल्ली तिच्याकडे आहे. तिचा दाखला सोबत.

कुरकुऱ्या

(सोबतची चिठ्ठी)
ताई, आवडला. आता त्याला बोलवा आणि एकदाचं घरातून बाहेर काढा. चादर मी शिवली. — वहिनी

१७ ऑगस्ट

ये.

ताई

९ सप्टेंबर

ताई,

घरी सुखरूप पोचलो. प्रिंट सोबत आहे. तू त्या दिवशी मागच्या पडद्यावर बघायचं नाही म्हणालीस, "कागदावर दाखव," म्हणून हा तू पहिल्यांदाच बघशील. पत्र आधी वाच, पाकीट नंतर उघड.

तुला समोरून जे दिसलं नसेल ते सांगतो. मी खुर्ची खिडकीशी अशी ठेवली होती की उजव्या गालावर उजेड येईल आणि डावी बाजू सावलीत जाईल. पाच महिने खुर्चीशी झगडून तेवढं तरी मला येतं. तू बसलीस आणि लगेच म्हणालीस, "डावी बाजू अंधारात टाकतोयस ना? एक्स-रेवालीला फसवतोस?" मी म्हटलं, "तू शिकवलंस तेच करतोय." तू म्हणालीस, "मग नीट टाक."

लेकीने ढब्बूला मांडीवर दिलं. तिला माझ्या प्रकाशयोजनेची काडीइतकीही पर्वा नव्हती. ती तुझ्या अंगावरून चढली आणि डाव्या गालाला तिने मूठ घातली. गच्च. तू म्हणालीस, "अगं सोड!" आणि ती मूठ सोडवायला तू खिडकीकडे वळलीस. सगळा उजेड डाव्या बाजूवर. सगळा. मग तू हसलीस.

मी दोन्ही डोळे उघडे ठेवले होते. उजव्या डोळ्याला कॅमेऱ्यातली ताई दिसली, डाव्याला खरी. दोघी सारख्याच होत्या. हे मला पहिल्यांदाच झालं.

ठरवलेला सावलीतला फोटोही आहे, तोही घातलाय. तो नीट आहे. कुठला ठेवायचा ते तू ठरव. एक चूक माझ्याकडून झालीच, ती तुला दिसेलच.

तुझ्या घरी तीन दिवस राहून मी जेवढं खाल्लं तेवढं बायकोला सांगितलेलं नाही.

कुरकुऱ्या

२० सप्टेंबर

चि. कुरकुऱ्या,

पत्र आधी वाचलं. पाकीट दोन दिवस टेबलावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी लेक ऑफिसला गेल्यावर उघडलं.

आधी कडा बघितल्या. डाव्या कडेला पडद्याची दोरी आलीय, ती टाळता आली असती. मग मधलं बघितलं. फोकस चुकलाय. माणसाच्या फोटोत डोळे स्पष्ट हवेत, हे पहिल्या इयत्तेचं. तुझा फोकस ढब्बूच्या मुठीवर आहे. चिमुकली नखंसुद्धा मोजता येतात, आणि माझे डोळे किंचित धूसर. नियमाने हा फोटो नापास.

सावलीतला फोटो पास. व्यवस्थित आहे, त्यातली बाई देखणी आहे. लेकीला म्हटलं, हा मला नको. या बाईला ढब्बू ओळखणार नाही.

आता मुठीबद्दल सांगते. ढब्बू रोज तोच गाल धरते. मला वाटायचं, पोरीला काहीतरी वेगळं लागतं तिथे, म्हणून. मी दर वेळी तिचा हात सोडवायची. तुझ्या फोटोत मूठ इतकी स्पष्ट आलीय म्हणून कळलं. उजवा गाल घट्ट आहे, हसला की हातातून निसटतो. डावा मऊ आहे. पकडला की हातात राहतो. तिला धरायला तोच सोयीचा पडतो, एवढंच. मी हा फोटो घेऊन किती वेळ बसले ते सांगणार नाही.

नापास फोटो फ्रिजच्या दारावर लावलाय. लेक आली, बघितला, पाणी प्यायचं विसरून बाटली हातात धरून उभी राहिली. ढब्बूला कडेवर घेऊन दाखवला तर तिने फोटोतल्या गालाला हात घातला. कागद आहे, हातात येईना, म्हणून रडली.

तू तीन दिवस आलास, आणि घरात माझी परवानगी न घेता सगळ्यांशी मोठ्याने बोललास, माझं वाकडं तोंड बघून एकदाही दुसरीकडे बघितलं नाहीस. त्याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. मला "हलू नका" म्हणायची सवय.

परवा आरशासमोर एक गंमत झाली. डावा डोळा मिटला. पूर्ण नाही, एक फट राहते. पण कॅमेऱ्याच्या खिडकीशी बसायला तेवढा पुरेल, असं वाटतं.

वहिनीला, म्हणजे तुझ्या बायकोला, सांग की चादर पुन्हा फाटली तर मी नवी पाठवीन.

ताई

४ ऑक्टोबर

ताई,

कॅमेरा सोबतच्या खोक्यात आहे. उसना होता. मला इथे माझ्याच वयाचा एक जुना मिळालाय, कुरकुरतोही माझ्यासारखाच. त्याच्यासमोर पहिली म्हणून खुर्चीच बसली. बायकोने ती पॉलिश करू दिली नाही.

गटार विभागाचं उत्तर आलं. "सदर वस्तू आमच्या हद्दीत आढळून आली नाही. सबब प्रकरण निकाली." शेजारच्या खिडकीतल्याने ते मला स्वतःच्या हाताने, काचेतून दिलं, आणि मग माझ्या डब्यातली भाजी खाल्ली. त्याचा एक फोटो काढलाय, खाताना. त्यालाही आवडला.

ढब्बूचा पुढचा फोटो तू काढ. त्यात नसलीस तरी चालेल. मग कॅमेरा लेकीच्या हातात दे आणि एकात ये.

खोकं उघडताना वरचे कागद फेकू नकोस, त्यात वहिनीने विणलेलं काहीतरी आहे. आणि लेन्सवर टोपी लावलेली आहे. त्याच मापाची. घट्ट बसते. काढताना दोन्ही बाजूंनी एकदम दाब.

तुझा,
कुरकुऱ्या